धर्मेंद्र सरांची तापट गाडी

साखरशेतच्या धर्मेंद्र सरांना बिघडलेली वस्तू दिसली की आतून बरं वाटायचं. वरवर ते हळहळ दाखवत, "अरेरे, बंद पडला का मिक्सर?" असं म्हणत, पण तोवर त्यांचा हात शर्टाच्या बाह्या वर सारायला लागलेला असे. कुणाकडे चहाला गेले आणि डोक्यावरचा पंखा कुरकुरला, की चहा तसाच राहायचा आणि सर स्टुलावर. पंखा पुन्हा फिरायचा, नाही असं नाही. फक्त खाली उतरल्यावर सरांच्या मुठीत एखादा स्क्रू उरलेला असायचा. "हा कंपनी जास्तीचा देते," ते शांतपणे सांगायचे. कंपनीच्या या उदारपणाचे सगळे पुरावे त्यांच्या बायकोने, उज्ज्वलाने, लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत जमा केले होते आणि ती बरणी आल्यागेल्याला दिसेल अशी फळीवर ठेवली होती.

हा नाद वडिलांकडून आलेला. वडील भात-नाचणीची शेती करत. नांगर मोडला किंवा दाराची बिजागरी निखळली, तर जव्हारहून कोण धावत येणार? अंगणात बसायचं आणि आपल्या हाताने नीट करायचं. सर शिकले, मोखाड्याच्या रस्त्यावरच्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवू लागले, पण आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही हे अंगातून गेलं नाही. फरक एवढाच, की वडील काम करताना गप्प असायचे आणि सरांना काम करताना समजावून सांगायची सवय होती. ऐकणारं कुणी नसलं तर ते पान्ह्याला समजावून सांगत.

निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी जुनी पांढरी गाडी घेतली, तेव्हा उज्ज्वलाला त्यांच्याहून जास्त आनंद झाला होता. ती जव्हारला तहसील कचेरीत लिपिक. रोज वडाप जीपमध्ये गुडघे छातीशी घेऊन जायचं आणि तसंच परत यायचं, याचा तिला कंटाळा आला होता. गाडी आली आणि बघता बघता सगळ्या आळीची झाली. कुणाला दवाखान्यात न्या, कुणाला मोखाड्याच्या बाजाराला सोडा. सर कुणाला नाही म्हणत नसत. गाडीत बसणाऱ्याला जव्हार येईपर्यंत इंजिनाची सगळी माहिती ऐकावी लागायची, एवढं सोसलं की झालं.

त्या गाडीत कधीच न बसलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे सरांची आत्या, कमू. दोन घरं सोडून राहायची. सरांना तिने कडेवर खेळवलेलं, त्यामुळे त्यांच्या शिक्षकपणाचं तिला काही वाटत नसे. "तू उघडलेला रेडिओ अजून माज्याकडं हाय," ती म्हणायची. "त्यातनं नुसता वारा ऐकू येतो. मी नाय बसायची तुज्या गाडीत."

पण आत्याची मुलगी मंगळी सूर्यमाळला दिलेली होती, आणि चैत्रात तिला मुलगी झाली. नात बघायची तर खोडाळ्यापर्यंत एसटी, मग जीप मिळाली तर जीप, नाहीतर चालत. आत्याने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाळंतिणीसाठी नाचणीचं पीठ, गूळ आणि जुन्या मऊ लुगड्यांचं गाठोडं घेऊन ती गाडीपाशी येऊन उभी राहिली. सरांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं. उज्ज्वलासाठी त्यांनी असं दार कधी धरलं नव्हतं, हे तिने तिथेच सांगून टाकलं.

मोखाड्यापर्यंत सगळं झकास. खोडाळा मागे पडला, चढ सुरू झाला, आणि सरांनी बोलता बोलता मध्येच बोलणं थांबवलं. उज्ज्वलाने लगेच त्यांच्याकडे पाहिलं. सर गप्प होणं ही साधी गोष्ट नव्हती.

"काय झालं?"

"काही नाही. काटा जरा वर गेलाय."

पुढच्या वळणाला काटा लाल रेघेला टेकला, आणि त्याच्या पुढच्या वळणाला बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. सरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उडी मारून दोन्ही हात पसरले.

"कुणी हात लावायचा नाही! आत दाब असतो. आत्ता झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल!"

"कोण लावतंय हात?" आत्या म्हणाली. ती गाठोडं घेऊन केव्हाच उतरली होती आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी होती. "मी जाते चालत. गाडी आली की तुमी या."

आणि खरंच ती निघाली. पायवाटेने सरळ वर, मागे न बघता. तिचं लाल लुगडं करवंदीच्या जाळ्यांआड दिसेनासं होईपर्यंत सर कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

इंजिन निवायला वेळ लागला. निवल्यावर सरांनी फडकं घालून झाकण जपून उघडलं. आत पाणी बरंच खाली गेलं होतं. गाडीत ठेवलेली बाटली वाटेत सगळ्यांनी मिळून संपवली होती. मागच्या सीटखाली एक रिकामा कॅन होता, तो घेऊन सर वरच्या पाड्याकडे निघाले.

पाड्याच्या विहिरीवर बायका बसल्या होत्या. नुसत्या बसल्या होत्या, कारण तळाशी झरा पाझरायचा आणि एक हंडा भरेल एवढं साचलं की एकजण आत उतरून वाटीने भरून घ्यायची. मग पुन्हा बसायचं. सर कॅन हातात धरून उभे राहिले आणि त्यांना एकदम कळलं की आपण काय मागायला आलोय. पण पाय तिथवर आले होते.

"गाडी तापलीय," ते म्हणाले. "थोडं पाणी..."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "मानसाला नाय, गाडीला पायजे!" एक म्हातारी दुसरीला समजावून म्हणाली.

रोशनी नावाच्या एका तरुण बाईचा हंडा नुकताच भरला होता. तिने तो डोक्यावर घेण्याऐवजी खाली ठेवला, सरांच्या हातातला कॅन घेतला आणि काहीही न विचारता हंड्यातून ओतायला लागली. "घ्या सर. तहान काय, कुनालाबी लागते." अर्धा हंडा रिकामा झाला. मग गाडी कशी असते ते बघायला म्हणून, की कॅन परत मिळतो का ते बघायला म्हणून, कोण जाणे, ती त्यांच्याबरोबर खाली रस्त्यापर्यंत आली.

सरांनी पाणी ओतायला घेतलं. घाईत कॅनचं तोंड हललं आणि एक मोठी धार बाहेर सांडली. मुरमाच्या रस्त्याने ती लगेच पिऊन टाकली. ओला डाग तेवढा राहिला, तोही बघता बघता सुकला.

"हळू, सर," रोशनी म्हणाली.

रागाने नाही म्हणाली. लहान मुलाला म्हणावं तसं. पण वर्गात पाण्याचा थेंब थेंब कसा वाचवावा हे फळ्यावर चित्र काढून शिकवणाऱ्या माणसाला ते दोन शब्द कानफटात बसल्यासारखे लागले. त्यांनी आभार मानले की नाही, हेही त्यांना नंतर आठवेना.

मंगळीच्या घरी पोचले तेव्हा आत्या नातीला मांडीवर घेऊन कोरा चहा पीत होती. "आली का तुजी गाडी?" तिने विचारलं. मंगळीचा नवरा भिवंडीकडे कामाला, घरात सासू आणि ती. बाळाला अंघोळ घालायची तर पाणी कुठून आणायचं, यावर सासू-सुनेचं बोलणं चाललं होतं. आत्याने तिथेच ठरवलं, की थोडी उठती झाली की मंगळीला आणि बाळाला पावसाळ्यापर्यंत साखरशेतला न्यायचं.

"मी येतो न्यायला," सर म्हणाले.

"राहू दे दादा, जीपने येईन की," मंगळी म्हणाली.

"जीपमध्ये? इतकं लहान बाळ घेऊन, त्या गर्दीत? मी येतो म्हणालो ना."

"तो येईल गं," आत्या म्हणाली. "गाडी येते का ते बघायचं."

घरी आल्यावर सरांनी जव्हारच्या कमलेश मेकॅनिकला फोन लावला, तो उज्ज्वलाच्या आग्रहावरून. लग्नसराई होती. कमलेश स्वतःच जीप घेऊन वऱ्हाडं पोचवत फिरत होता. "सर, एवढी धावपळ संपू द्या, मग बघू," तो वाजंत्रीच्या आवाजातून ओरडला. सरांनी फोन ठेवला आणि चेहरा शक्य तेवढा पाडून सांगितलं, "नाइलाज आहे. मलाच बघावं लागणार."

"फारच वाईट झालं," उज्ज्वला म्हणाली.

शाळेला सुट्टी लागली, तसा अंगणातल्या फणसाखाली सरांचा कारखाना सुरू झाला. पत्र्याच्या डब्याला टेकून मोबाईल उभा. त्यात कुठलासा माणूस हिंदीतून गाडी का तापते ते सांगायचा, आणि तो दम घ्यायला थांबला की सर त्याचं उरलेलं वाक्य पूर्ण करायचे. पहिला संशय थर्मोस्टॅटवर. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधल्या पाण्याच्या वाटेवरचं हे एक छोटं दार. इंजिन गार असताना बंद राहायचं, पाणी गरम झालं की उघडायचं, मग ते पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवायचं. दार अडकलं तर पाणी आतल्या आत उकळत बसणार. सरांनी ते खोलून काढलं.

उज्ज्वला कचेरीतून आली तर गॅसवर तिचं चहाचं पातेलं खदखदत होतं आणि सर त्यात सुतळीला बांधून काहीतरी सोडून उभे होते.

"हे काय शिजतंय?"

"थर्मोस्टॅट."

"मीठ घातलंत का?"

"गप्प बघ. आता पाणी पुरेसं तापलं की... हा! उघडला! बघ, उघडला!"

"वा. मग तोंड का पडलंय?"

"उघडला म्हणजे चांगला आहे. चांगला आहे म्हणजे बिघाड तिथे नाही."

"म्हणजे वस्तू चांगली निघाली म्हणून आता सुतक पाळायचं." उज्ज्वलाने गॅस बंद केला आणि पातेलं उचलून बाहेर त्यांच्या पान्ह्यांच्या शेजारी ठेवलं. "हे आता तुमच्या गाडीचंच. मला नवं आणा."

मग रेडिएटर धुवायचं काम निघालं. खालची तोटी सोडली तर आतून घट्ट तांबूस पाणी आलं. आत्या रोज पाट घेऊन येऊन बसायची. तिने वाकून बघितलं. "आंबील काय रं ही? इतके दिवस तिला आंबिलीवर ठेवली?" सर खूश झाले. एवढा गाळ म्हणजे रोग सापडलाच. त्यांनी स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं, झाकण नवं बसवलं, इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट भरलं, आणि इंजिन चालू करून आतली हवा बुडबुडे बनून निघून जाईपर्यंत वाट पाहिली. वाळवंडीच्या बाजूच्या सपाट रस्त्यावर गाडी पळवून आणली. काटा मध्यावर, जागचा हलला नाही. त्या संध्याकाळी सरांनी आळीतल्या चारपाच जणांना बोलावून रोगनिदान कसं करतात ते सांगितलं.

तो विजय टिकला जव्हारच्या लग्नापर्यंत.

उज्ज्वलाच्या कचेरीतल्या मैत्रिणीच्या मुलाचं लग्न होतं. ती काठापदराचं लुगडं नेसली, गजरा माळला, आणि दोघं भर दुपारी निघाले. जव्हारच्या बाजारात शिरले तर पुढे वरात. डीजेचा टेम्पो, त्याच्यापुढे नाचणारी पोरं, आणि मागे गाड्यांची रांग. पाऊलभर पुढे जायचं नि थांबायचं. सरांचं बोलणं थांबलं.

"पुन्हा?" उज्ज्वलाने विचारलं.

सरांनी हात पुढे करून हिटर पूर्ण चालू केला.

"अहो, हे काय करताय! बाहेर अंगार पडलाय!"

"इंजिनातली उष्णता इकडे ओढून घ्यायची असते. त्या व्हिडिओत सांगितलंय. इंजिनाला तेवढाच आराम."

"आणि मला?"

"जरा कळ काढ."

"मी लग्नाला निघालेय. पापड नाही मी, वाळवायला."

गजरा कोमेजला. सरांच्या कपाळावरून घाम नाकावर आणि नाकावरून स्टिअरिंगवर पडायला लागला. काटा वर चढतच होता. वरात किती पुढे सरकलीय ते बघायला शेवटी सर इंजिन चालू ठेवूनच उतरले आणि गर्दीतून पुढे गेले. उज्ज्वला एकटी राहिली. तिने मागे बघितलं, पुढे बघितलं, काचा वर केल्या, हिटर बंद केला आणि एसी लावला. मरायचंच असेल तर गारव्यात मरावं, एवढाच तिचा विचार होता.

गाडीत एसी होता, चांगला होता. पण सरांच्या राज्यात त्याला बंदी होती. एसीने इंजिनावर भार पडतो, आणि गाडी तापलेली असताना एसी म्हणजे तर खूनच, असं ते प्रत्येक प्रवासात सांगत आले होते. ते परत आले, दार उघडलं, आणि गार हवा तोंडावर आली तशी त्यांची किंकाळीच निघाली.

"बंद कर! आधी बंद कर! इंजिन जाईल!"

"ओरडू नका. काटा बघा."

सरांनी काटा बघितला. काटा खाली येत होता. हळूहळू, पण स्पष्ट. सर सीटवर बसले, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मध्याच्या जवळ.

"बंद कर बघू एसी."

तिने बंद केला. काटा थोडा वेळ थांबला आणि वर निघाला.

"लाव."

लावला. काटा खाली.

"बंद."

पुढची वरात केव्हा हलली, मागचे लोक हॉर्न वाजवून केव्हा थकले आणि वळसा घालून गेले, दोघांनाही कळलं नाही. ती एसी लावायची, बंद करायची, आणि दोघं नाकाला नाक लावून काट्याकडे बघायचे. मांडवात पोचले तेव्हा अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. पंगतीत सर एका हाताने जेवत होते आणि दुसऱ्या हाताने पत्रावळीच्या कडेला काहीतरी रेखाटत होते.

"ऐक. एसी लावला की रेडिएटरचा पंखा आपोआप फिरतो, त्याला वेगळा हुकूम मिळतो. म्हणजे पंखा चांगला आहे. सपाट रस्त्याला गाडी वेगात असते, पुढून वारा लागतो, पंखा नसला तरी चालतं. चढावर, गर्दीत गाडी हळू असते, वारा नाही, तेव्हा पंखाच लागतो. आणि तेव्हा तो फिरतच नाहीय! पाणी तापलं हे त्याला कुणी सांगतच नाहीय."

"सांगायचं कुणी?"

"एक स्विच असतो. रेडिएटरला बसवलेला."

"म्हणजे आमच्या कचेरीसारखं," उज्ज्वला जिलेबी मोडत म्हणाली. "काम करणारा तयार बसलाय आणि ज्याने हुकूम द्यायचा तो झोपलाय."

सरांना ही उपमा इतकी आवडली की पुढे कितीतरी दिवस ती त्यांनी स्वतःची म्हणून सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्विचचा प्लग काढून त्यांनी त्याच्या दोन टोकांमध्ये तारेचा तुकडा घातला. पंखा घर्रर्र करून फिरला. मग स्विच खोलला, आणि हक्काच्या झालेल्या पातेल्यात पुन्हा पाणी उकळलं. बॅटरीचा सेल, बल्ब आणि वायर, सातवीच्या प्रयोगातलंच सामान. चांगला स्विच गरम पाण्यात बल्ब पेटवतो. हा पातेल्यात बुडून होता आणि बल्ब काही पेटेना. सरांच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटला की आत्याने उज्ज्वलाला विचारलं, "दिवा लागला नाय, आन हा हसतोय का?"

"बिघडलेलं सापडलं ना, म्हणून."

नवा स्विच जव्हारात मिळेना. उज्ज्वलाने नाशिकच्या भावाला फोन करून तो मिळवला आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती मागवून घेतला. सरांनी बसवला, कूलंट पुन्हा भरलं, हवा काढली, इंजिन चालू केलं. आता काही करायचं नव्हतं. पाणी तापायची वाट बघायची. आत्या पाटावर, उज्ज्वला दारात, सर गाडीच्या आत काट्यासमोर. काटा मध्यावर आला. मध्य ओलांडला. आणखी वर गेला. सरांचा हात किल्लीकडे जायला लागला.

"थांबा," उज्ज्वला म्हणाली.

"पण..."

"थांबा म्हणते ना."

आणि पंखा सुरू झाला. आपला आपण, कुणी न सांगता. फणसाची वाळकी पानं गाडीच्या खालून उडून आत्याच्या पायाशी आली. सर किल्लीवरचा हात तसाच ठेवून बसून राहिले. थोड्या वेळाने पंखा थांबला, काटा खाली आला होता. ते उतरले आणि फडक्याने बराच वेळ हात पुसत गाडीकडे पाठ करून उभे राहिले. उज्ज्वला जवळ आली तेव्हा त्यांच्या पायाशी एक क्लिप पडलेली तिला दिसली. तिने ती उचलली आणि आत बरणीत टाकली.

सूर्यमाळला निघायच्या दिवशी सरांनी डिकीत पाण्याचे भरलेले कॅन रचले. आळीतून मिळाले तेवढे सगळे. आत्याला वाटलं ते गाडीसाठीच आहेत आणि तिने बरोबर चालायच्या चपलाही घेतल्या. खोडाळ्यानंतरच्या चढाला गाडी हळू झाली, काटा थोडा वर गेला, आणि बॉनेटखालून पंख्याचा आवाज आला. गाडी कुरकुरत पण न थांबता चढत राहिली. सर वळणावळणाला काही सांगतील म्हणून उज्ज्वला वाट बघत होती, पण ते अख्ख्या चढात एक शब्द बोलले नाहीत.

विहिरीवर बायका तशाच बसल्या होत्या. सरांनी गाडी थांबवली तसं रोशनीने हाताने डोळ्यांवर सावली धरली.

"परत पानी पायजे, सर?"

"नाही. आणलंय."

ती उठून आली. डिकी उघडलेली बघून तिने एकदा कॅनकडे आणि एकदा सरांकडे पाहिलं. सरांनी वाटेत एक वाक्य तयार केलं होतं, त्या दिवशी सांडलेल्या पाण्याबद्दल. त्याऐवजी त्यांनी एक कॅन डिकीच्या काठाशी ओढला.

"गाडी आता पीत नाय काय?" रोशनीने विचारलं.

"नाही. सोडली तिने."

विहिरीवरच्या सगळ्या बायका खळखळून हसल्या. "मंग आमच्या घरच्यालाबी तुमच्याकडंच धाडते दुरुस्तीला!" रोशनी म्हणाली. दोन कॅन तिने स्वतः उचलले. उरलेले सर तिच्या मागोमाग घरापर्यंत पोचवत राहिले. शेवटच्या फेरीला त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि कॅन त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. एक थेंब सांडला नाही.

मंगळी तयार होऊन बसलीच होती. बाळाला टोपडं, काजळाची मोठी तीट. ती मागे उज्ज्वलाजवळ बसली, आणि आत्या पुढे सरांच्या शेजारी, कुणी न सांगता. उतार होता, काचा खाली होत्या, खालच्या जंगलातून वारा येत होता.

खोडाळ्याच्या अलीकडे रस्त्याकडेला दोन पोरी पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकत होत्या. मंगळीला खावीशी वाटली, म्हणून सरांनी गाडी थांबवली. सगळे उतरून कडेला उभे राहिले. आत्या म्हणाली, बाळंतिणीने आंबट खाऊ नये, आणि स्वतः दोन द्रोण संपवले. उज्ज्वलाने एक काळंभोर करवंद सरांच्या तोंडात टाकलं, कारण त्यांच्या कुशीत बाळ होतं आणि हात मोकळे नव्हते. बाळ जागं होतं. सर त्याला रस्त्यापलीकडची दरी दाखवून ढग कसे तयार होतात ते समजावून सांगायला लागले.

"अजून लई ल्हान हाय रं ती," आत्या म्हणाली.

"ऐकतेय बघ," सर म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.